डबल आलेल्या कार्डांचं काय करायचं? मराठवाड्यातली क्रिकेट कार्डांची अदलाबदल

समजा, २०० कार्डांचा संच आहे आणि प्रत्येक कार्ड निघण्याची शक्यता सारखी आहे. सुटी पाकिटं फोडून २०० कार्डं घेतली, तर वेगवेगळी अशी सरासरी १२७ निघतात. बाकीची ७३ डबल. आणखी १०० घेतली तर त्यात नवी २९ येतात. एकट्यानं, नुसती पाकिटं फोडत संच पुरा करायचा म्हटलं तर सरासरी पावणेबाराशे कार्डं लागतात, आणि त्यातली ७२० एकट्या शेवटच्या २० जागांपायी जातात. कारखान्यातली भरणी इतकी सरमिसळ नसते. एकाच डब्यातली पाकिटं घेतली तर डबल थोडी कमी येतात. पण चकचकीत आणि मर्यादित कार्डं मुळात कमी छापलेली असतात, त्यामुळे खर्च पुन्हा तेवढ्यावरच येतो. दोनशे ते तीनशे कार्डांच्या दरम्यान पाकिटं घेणं थांबवावं आणि उरलेला संच अदलाबदलीनं लावावा, असं आम्ही प्रत्येक नव्या संग्राहकाला सांगतो.

आपल्याकडे हातोहात फिरणारी कार्डं म्हणजे मुख्यतः टॉप्स कंपनीची ‘क्रिकेट अटॅक्स’ आयपीएल कार्डं, तिचीच कुस्तीची ‘स्लॅम अटॅक्स’, आणि पानिनी कंपनीची कार्डं व स्टिकर. त्याआधीची म्हणजे बिग फन बबलगममधली रन आणि विकेट छापलेली कार्डं. १९९९ च्या विश्वचषकाच्या वेळची ब्रिटानियाची रनवाली वेष्टनं आणि १०० रन जमवून मिळणारी पुस्तिका हे कार्ड नव्हे, पण जमवणारे तेच लोक असतात. आणि सगळ्यात जुनी म्हणजे इंग्लंडमधल्या सिगारेटच्या पाकिटांतली कार्डं. विल्सचा १८९६ चा संच, प्लेयर्सचे १९३४ आणि १९३८ चे संच, प्रत्येकी ५० कार्डांचे. हल्लीचं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरच्या आसपास असतं. सिगारेटचं कार्ड त्याहून बरंच लहान, साधारण ३६ बाय ६७.

फक्त कार्डांचं दुकान आपल्या बाजारपेठांत भेटत नाही. संभाजीनगरचा औरंगपुरा, नांदेडचं वजिराबाद, लातूरची गंजगोलाई अशा ठिकाणच्या स्टेशनरी आणि खेळण्यांच्या दुकानांत मोसमात पाकिटं येतात. मोसम संपला की उरलेला डबा मागच्या फळीवर जातो. तो मागून घ्यावा, अर्धवट संचासाठी तोच उपयोगी पडतो. जुन्या मालासाठी रद्दीवाल्याला सांगून ठेवावं. कार्डं वहीत डकवलेली असतील तर वहीच घ्यावी, तिथल्या तिथे सोलून काढू नयेत.

एक गोष्ट स्थानिक. बीडचा संजय बांगर, पैठणचा अंकित बावणे, जालन्याचा विजय झोल, तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर यांच्या नावाचं छापील काहीही आलं तर मराठवाड्यात त्याला मागणी असते. मुंबई-पुण्याच्या संग्राहकाकडे तेच कार्ड साध्या डबलच्या ढिगात पडलेलं असू शकतं. म्हणून बाहेरगावच्या माणसाशी व्यवहार करताना त्याच्या साध्या कार्डांची यादी आधी मागावी आणि शांतपणे वाचावी.

यादी नावावर न करता क्रमांकावर करावी. एकाच मोसमाच्या संचात एकाच खेळाडूचं साधं, फॉइलचं (धातूच्या चकचकीत थराचं) आणि मर्यादित आवृत्तीचं अशी दोन-तीन कार्डं असू शकतात. ‘धोनी आहे’ एवढ्यानं समोरच्याला काही कळत नाही. नोंद अशी हवी: संच, मोसम, क्रमांक, प्रकार, अवस्था, नग. मोसम ओळखताना समोरच्या चित्रावर विसंबू नये, कारण तोच फोटो पुढच्या वर्षी पुन्हा वापरलेला सापडतो. पाठीमागे तळाशी बारीक अक्षरात हक्काची (कॉपीराइटची) ओळ असते. तिथलं वर्ष आणि कार्डाचा क्रमांक वाचावा. वहीत ‘हवीत’ आणि ‘डबल’ हे दोनच रकाने ठेवले तर चर्चा लांबते. ‘द्यायची नाहीत’ असा तिसरा रकाना आधीच लिहून दाखवावा, म्हणजे त्या कार्डांवरून घासाघीस होत नाही. आणि डबल कार्ड यादीत चढवण्याआधी संचातल्या कार्डाशी ताडून पाहावं. जे जास्त चांगलं ते संचात ठेवावं.

आता अवस्था. अदलाबदल मोडते ती बहुतेक वेळा इथे. दोघंही एकाच कार्डाबद्दल बोलत असतात, पण एकाच्या डोळ्यासमोर ते नवंकोरं असतं आणि दुसऱ्याच्या हातात येतं तेव्हा कोपरे पांढरे झालेले असतात. म्हणून भावाआधी अवस्था ठरवावी. पाहायच्या जागा चार: मध्य, कोपरे, कडा, पृष्ठभाग. बेकेट ही अमेरिकी प्रतवारी कंपनी याच चार गोष्टींचे वेगळे गुण देते. पीएसए ही तशीच दुसरी कंपनी १ ते १० मधला एकच आकडा देते, पण तपासताना याच गोष्टी पाहते.

मध्य म्हणजे चित्र कार्डाच्या मधोमध छापलंय की नाही. पट्टीनं डावी आणि उजवी समास मोजावी. डावीकडे २ मिलिमीटर आणि उजवीकडे ३ असेल तर बेरीज ५, मोठी बाजू ३, म्हणजे ६०-४०. वर-खाली तसंच मोजावं. ६०-४० पर्यंत डोळ्याला फारसं खटकत नाही, ७०-३० ला लगेच दिसतं. समास नसलेल्या कार्डाचं मोजमाप पाठीमागच्या चौकटीवरून घ्यावं. कोपरे पाहायला घड्याळजीकडे असते तशी दहा पट मोठं दाखवणारी भिंग लागते. कागदाचे थर टोकाशी सुटले की तिथे पांढरा ठिपका किंवा बारीक केस दिसतो. कडा पाहताना गडद रंगाची कार्डं आधी घ्यावीत, कारण काळ्या-निळ्या कडेवर एवढासा टवकाही उठून दिसतो. पृष्ठभागासाठी खोलीतला दिवा बंद करून मोबाइलची बत्ती कार्डाच्या जवळजवळ समांतर धरावी आणि कार्ड हळूहळू फिरवावं. समोरून धरलेल्या उजेडात न दिसणारे ओरखडे, नखाची खाच, छपाईची रेघ अशा तिरप्या उजेडात लगेच कळते. फॉइलच्या कार्डांचं खरं रूप असंच कळतं. पाठ विसरू नये. ‘अटॅक्स’ ही खेळायची कार्डं आहेत, मुलांनी पिसलेली असतात, पाठीवर पेननं नाव घातलेलं असतं. संचातल्या कार्डांची यादी छापलेल्या कार्डावर तर जवळपास नेहमीच पेनच्या खुणा केलेल्या सापडतात. खुणा न केलेलं यादीचं कार्ड मिळालं तर सोडू नये.

परदेशी आकड्यांवरून वाद घालण्यापेक्षा आम्ही चार शब्द ठरवून घेतले आहेत. ‘कोरं’ म्हणजे भिंगातूनही चारही कोपरे टोकदार आणि तिरप्या उजेडात ओरखडा नाही. ‘बरं’ म्हणजे डोळ्याला स्वच्छ, भिंगात एक-दोन कोपरे पांढरे. ‘खेळलेलं’ म्हणजे कडा डोळ्यालाच पांढऱ्या दिसतात, पण घडी नाही. ‘भरतीचं’ म्हणजे घडी, शाई, ओल किंवा गोंद यांपैकी काहीतरी आहे, आणि ते चांगलं मिळेपर्यंत जागा भरायला ठेवायचं. दोन प्रतींत (म्हणजे दर्जांत) शंका आली तर खालची सांगावी. वरची सांगून पाठवलेलं एक कार्ड पुढच्या अनेक व्यवहारांवर पाणी फिरवतं.

फोटो दिवसाउजेडी, सावलीत घ्यावा. फ्लॅश बंद, कार्ड स्लीव्हमधून (कार्डाच्या मापाच्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून) बाहेर, खाली गडद कापड. एक फोटो समोरून, एक पाठीमागून, एक तिरप्या उजेडात. महाग कार्ड असेल तर शेजारी तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, म्हणजे फोटो आताचाच आणि कार्ड हातातच आहे हे कळतं.

नकली आणि कापलेली कार्डं ओळखायला दोन साधी साधनं पुरतात. पहिलं साधन भिंगच. ऑफसेट छपाईत चित्र रंगीत ठिपक्यांच्या जाळीतून उमटतं, पण नाव आणि आकडे बहुतेकदा सलग काळ्या शाईत असतात. मूळ कार्ड स्कॅन करून पुन्हा छापलेलं असेल तर अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनलेली दिसतात आणि त्यांच्या कडा धुरकट असतात. स्वाक्षरीचंही तसंच. छापील स्वाक्षरी ठिपक्यांची असते किंवा पृष्ठभागात मुरलेली दिसते. हाताची स्वाक्षरी तिरप्या उजेडात वर बसलेली दिसते, पेनचा दाब आणि शाईची चमक कळते. दुसरं साधन म्हणजे नोटा तपासायची अतिनील बत्ती. कागद शुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आली. त्यामुळे १९३४ चं म्हणून दिलेलं सिगारेट कार्ड त्या बत्तीखाली निळसर पांढरं झळकलं तर ते नंतरचं आहे. झळकलं नाही म्हणून अस्सल असं मात्र सिद्ध होत नाही. कापलेलं कार्ड पकडायला त्याच संचातली तीन-चार साधी कार्डं घेऊन त्यांच्यामध्ये ते उभं ठेवावं. खराब कडा छाटून कोरं भासवलेलं कार्ड अर्धा-एक मिलिमीटर आत राहतं.

भाव ठरवताना मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत गल्लत होते. विक्रीला लावलेल्या कार्डावर कोणीही कितीही आकडा टाकू शकतो. पाहायची ती विकल्या गेलेल्या नगांची किंमत, तीही त्याच प्रतीच्या. साध्याला साधं, नगास नग, हा नियम सोपा. फॉइलच्या एका कार्डाला साधारण तीन ते पाच साधी धरली जातात. मर्यादित आवृत्तीचं कार्ड एकेकटं बोलून ठरवावं. प्रत एक पायरी उतरली की किंमत साधारण निम्मी धरावी. पण संचातलं शेवटचं कार्ड असेल तर नगाचा हिशोब बाजूला ठेवावा. एका साध्या कार्डासाठी सहा साधी देऊन संच पुरा होत असेल तर तो सौदा देणाऱ्याच्या फायद्याचाच आहे, सुरुवातीला दिलेले पाकिटांचे आकडे तेच सांगतात.

समोर शाळकरी मूल असेल तर किंमत आधी त्याला सांगावी, मग मागणी करावी. मुलांना खेळातले आकडे मोठे असलेलं कार्ड भारी वाटतं, मर्यादित छपाईचं नाही. त्या अज्ञानावर केलेली अदलाबदल फिरवून द्यावी. महाग कार्ड असेल तर आई-वडिलांना विचारूनच घ्यावं. ह्या बाबतीत आम्ही फार कडक आहोत, कारण पुढची पिढी टिकली नाही तर जमवायला आणि बदलायला माणूसच उरणार नाही.

समोरासमोर बसायचं असेल तर खोलीत टेबल, त्यावर धुतलेलं सुती कापड. पंखा बंद किंवा अगदी हळू. सुट्या कार्डांना वाऱ्याची एक झुळूक पुरते आणि फरशीवर पडलेल्या कार्डाचा कोपरा जातोच. उन्हाळ्यात ४२ अंशांत पंखा बंद ठेवणं जमत नाही, म्हणून मार्च ते जून भेटी सकाळी नऊच्या आत ठेवाव्यात. हात धुऊन कोरडे करावेत, केसांना तेल लावल्यावर लगेच कार्डाला हात लावू नये. कार्ड कडांनी धरावं. स्लीव्हमधून काढताना नखानं ओढू नये. स्लीव्हच्या दोन्ही बाजू हलक्या दाबून तोंड उघडावं आणि कार्ड तळहातावर सरकू द्यावं. घालताना आधी एक खालचा कोपरा, मग दुसरा. सरळ दामटलं की कोपरा स्लीव्हच्या तोंडाला अडकून दुमडतो. चहा शेवटी, दुसऱ्या खोलीत.

नांदेड, परभणी, सेलू, जालना आणि संभाजीनगर एकाच रेल्वेमार्गावर असल्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर कार्डं पाठवण्याची सोय होते. मराठवाडा एक्सप्रेस आणि तपोवन एक्सप्रेस त्यासाठी उपयोगी गाड्या. मात्र फलाटावर तपासणी होत नाही, म्हणून फोटोवर आधी ठरलेलीच कार्डं अशी द्यावीत, आणि तीही टपालाला करतो तितकीच नीट बांधून.

टपालासाठीची बांधणी अशी. कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या असलेल्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात. नुसतं कार्ड टॉपलोडरमध्ये घातलं तर प्लास्टिकच्या कडेनं ओरखडे येतात. टॉपलोडर जाडीप्रमाणे घ्यावा. कार्डाची जाडी पॉइंटमध्ये मोजतात, १ पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. नेहमीच्या २० पॉइंटच्या कार्डाला ३५ चा टॉपलोडर बसतो. जर्सीचा तुकडा बसवलेल्या जाड कार्डाला ७५, १०० किंवा त्याहून मोठा लागतो. ३५ मध्ये दडपलं तर कडा चेपतात, १०० मध्ये साधं कार्ड घातलं तर ते आत खुळखुळत कोपरे आपटून घेतं. टॉपलोडरचं तोंड रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या कागदी मास्किंग टेपनं बंद करावं आणि टेपचं एक टोक दुमडून ठेवावं, म्हणजे उघडताना ओढता येतं. पारदर्शक सेलोटेप नको. मराठवाड्याच्या उन्हात टपालगाडीत तिचा गोंद पाझरतो आणि तोंडातून थेट कार्डापर्यंत जातो. रबरबँड तर कधीच नको, तो कडेत खाच पाडतो.

मग पन्हाळी पुठ्ठ्याचे टॉपलोडरपेक्षा चारही बाजूंनी सेंटीमीटरभर मोठे दोन तुकडे कापावेत. एकाच्या पन्हाळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवाव्यात. दोन्हींची दिशा एकच असेल तर पाकीट त्या रेषेत वाकतं. पुठ्ठे चारही बाजूंनी टेपनं बांधावेत. जून ते ऑक्टोबर त्यावर पॉलिथिनची घट्ट पिशवी. शेवटी बुडबुड्यांचं पाकीट. एक-दोन कार्डांची अशी बांधणी स्पीड पोस्टच्या ५० ग्रॅमच्या टप्प्यात बसते. घरच्या वजनकाट्यावर आधी पाहावं, कारण जाड पुठ्ठा घेतला की टप्पा ओलांडतो. साध्या पत्रानं पाठवू नये. तिथे मागोवा लागत नाही आणि वाद झाला तर हातात काहीच उरत नाही. पावतीवरचा, शेवटी आयएन असलेला तेरा चिन्हांचा क्रमांक त्याच दिवशी समोरच्याला कळवावा. राखीपौर्णिमेच्या आधीचा आठवडा आणि दिवाळी टाळावी, टपाल तुंबलेलं असतं.

आधी कोणी पाठवायचं? ज्याचे आधीचे व्यवहार कमी, त्यानं आधी. दोघंही नवे असतील तर दोघांनी एकाच दिवशी टाकून क्रमांकांची देवघेव करावी. पाकीट आल्यावर उघडण्याआधी व्हिडिओ सुरू करावा: बंद पाकीट, त्यावरचा क्रमांक, मग उघडणं, मग कार्डाच्या दोन्ही बाजू, सगळं एकाच सलग चित्रणात. तक्रार असेल तर दोन दिवसांत सांगावी. नसेल तर ‘मिळालं, ठीक आहे’ एवढं नक्की कळवावं, कारण ते कळेपर्यंत दुसरा माणूस घोरात असतो.

साठवणीत आपल्या हवामानाचा विचार करावाच लागतो. परदेशी माहितीत हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के ठेवा असं सांगतात आणि लोक वर्षभर डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल टाकून ठेवतात. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की जेल उलट नुकसान करतं. फॉइलच्या कार्डात एका बाजूला धातूचा पातळ थर आणि दुसऱ्या बाजूला कागद असतो. कागद ओल घेऊन फुगतो आणि कोरडा पडून आक्रसतो, फॉइल तशीच राहते. म्हणून उन्हाळ्यात कार्ड पाठीच्या बाजूला वळतं, पावसाळ्यात चित्राच्या बाजूला. आमचा क्रम असा: जून ते ऑक्टोबर घट्ट झाकणाच्या डब्यात जेलची पाकिटं, दिवाळीनंतर ती काढून टाकायची. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवला तर अंदाजावर चालावं लागत नाही. वळलेलं कार्ड स्लीव्हमध्ये घालून दोन काचांच्या मध्ये, वर पुस्तकांचं वजन ठेवून दोन आठवडे ठेवावं. इस्त्री फिरवू नये, फॉइल सुटते.

पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर कार्डं ठेवू नयेत. चकचकीत कार्डं एकावर एक दाबून ठेवली की उष्णतेत एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना छपाईच सोलून येते. स्टेशनरीच्या दुकानातले नरम, वासाचे पीव्हीसी कप्पेही तसेच. प्लास्टिक नरम ठेवणारा द्रव हळूहळू बाहेर येतो आणि शाई धरतो. नऊ कप्प्यांची पॉलिप्रॉपिलीनची पानं घ्यावीत. २०० कार्डांना एका कप्प्यात एक धरून २३ पानं लागतात. फाइल डी आकाराच्या कड्यांची असावी, कारण गोल कड्यांवर पहिली आणि शेवटची पानं वाकतात आणि आतल्या रांगेतल्या कार्डांवर कड्याचा ठसा उमटतो. फाइल उभी ठेवावी, भिंतीपासून थोडी पुढे आणि जमिनीपासून वर. वाळवी आणि कसर यांना भिंतीची ओल लागते. डांबरगोळ्या डब्यात टाकू नयेत, त्यांच्या वाफेनं काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं.

सिगारेटच्या जुन्या कार्डांना वेगळी फाइल करावी, कप्पेही त्यांच्या मापाचे घ्यावेत. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही संचांच्या पाठीला अल्बममध्ये डकवण्यासाठी ओला करायचा गोंद लावलेला असतो. आपल्या पावसाळ्यात तो गोंद आपोआप ओल धरतो आणि कप्प्याच्या मागच्या प्लास्टिकला किंवा शेजारच्या कार्डाला चिकटतो. अशी दोन कार्डं एका कप्प्यात पाठीला पाठ लावून कधीच ठेवू नयेत. चिकटलीच तर ओढू नये. ती तशीच जेलच्या डब्यात आठवडाभर ठेवावीत. गोंद वाळून कडक झाला की बहुतेक वेळा कार्ड हलक्या वाकवण्यानं सुटतं. सुटलं नाही तर प्लास्टिक कापून कार्डाबरोबर राहू द्यावं आणि यादीत त्याची नोंद ‘भरतीचं’ अशी करावी.